एका लॅपटॉपात दोन बिऱ्हाडं

मुरुम गावच्या बाजारपेठेत, बांगड्यांचं दुकान आणि खताचं दुकान यांच्यामध्ये अंग चोरून बसलेलं प्रसेनजितचं दुकान आहे. पाटीवर 'श्रावस्ती ग्राफिक्स' असं ठळक नाव आणि खाली बारीक अक्षरांत लग्नपत्रिका, बॅनर, शिक्के अशी कामं. श्रावस्ती ही त्याची एकुलती एक मुलगी. ती जन्मली त्याच वर्षी त्यानं छापखान्यातली नोकरी सोडून दुकान थाटलं, म्हणून दोन्ही लेकरांना एकच नाव पडलं.

छापखान्यात तो शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. खिळ्यांचे दिवस संपले आणि कॉम्प्युटर आला तेव्हा बरोबरीच्या लोकांनी हात टेकले. हा मात्र सोलापूरला एका ओळखीच्या माणसाकडे राहून डीटीपी शिकून आला. याचा त्याला अभिमान होता आणि तो अभिमान झाकून ठेवण्याइतका तो लाजाळू नव्हता. माणूस कामाला चोख आणि बोलायला गोड. फक्त एक खोड होती, दुसऱ्याचं कौतुक ऐकलं की त्याच्या पोटात दुखायचं. समोरच्या ओळीत कृष्णराजनं फ्लेक्स छापायचं मोठं मशीन आणलं, तर हा कितीतरी दिवस चहाला मागच्या गल्लीनं जात होता. दवाखान्यात आधीच्या पेशंटशी डॉक्टर दोन शब्द जास्त बोलले तरी याचं तोंड उतरायचं. त्याची बायको चैताली म्हणायची, या माणसाला ताप आला तर शेजाऱ्याचा ताप त्याच्यापेक्षा जास्त भरता कामा नये.

पण पत्रिकेच्या कामात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. पत्रिकेतली अक्षरं सगळेच जुळवतात, हा माणसं जुळवायचा. निमंत्रकांत थोरल्या चुलत्याचं नाव आधी की गावच्या सरपंचाचं, रुसून बसलेल्या आत्याच्या नवऱ्याला कोणत्या ओळीत बसवलं म्हणजे तो मांडवात येईल, हे तो बसल्या बसल्या सांगे. पत्रिकेत पहिल्या ओळीतला माणूस मालक आणि शेवटच्या ओळीतला पाहुणा, हे त्याचं ठाम मत होतं. एखादं नाव काढायचं ठरलं की तो ओळ पुसायचा आणि खालची ओळ आपोआप वर सरकायची. हे इतक्या वेळा केलं होतं की जगात सगळीकडे असंच होत असणार, असं त्याच्या मनानं धरून टाकलं होतं.

हे सारं चालायचं एका जुन्या लॅपटॉपवर. त्याची बिजागरी मोडलेली होती, पडदा कोऱ्या कार्डांच्या खोक्याला टेकवून ठेवावा लागे. आत जुनं विंडोज होतं आणि त्यावरच चालणारा जुना मराठी टाइप. एकदा एका दुरुस्तीवाल्यानं मोठ्या उत्साहानं नवीन विंडोज टाकून दिलं, तर सगळ्या नवरानवरींच्या नावांच्या जागी किडेमुंग्या उमटल्या. ते परत मूळ पदावर आणता आणता प्रसेनजितच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून त्या लॅपटॉपला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, असा नियमच झाला.

श्रावस्ती लहानपणापासून याच दुकानात वाढली. शाळा सुटली की ती बापाच्या मांडीला टेकून उभी राहायची आणि पप्पा, हे कसं केलं, ते कसं केलं, असं विचारायची. त्यानं सांगितलं की तिचे डोळे चमकायचे. प्रसेनजितला आयुष्यात शाल-श्रीफळ कधी मिळालं नाही, पण त्या डोळ्यांपुढं त्याला त्याची गरजही वाटली नव्हती. मग ती उमरग्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकायला लागली. रोज एसटीनं जायची, यायची आणि येताना असे काही शब्द घेऊन यायची की बापाला नुसती मान डोलवावी लागे. विचारणं हळूहळू बंद झालं. एवढ्यावरही त्यानं निभावून नेलं असतं. पण त्याच सुमारास तिच्या बोलण्यात एक नवीन सुरुवात आली, "मामा म्हणले."

हा मामा म्हणजे चैतालीचा धाकटा भाऊ बुद्धघोष. हैदराबादला औषधांच्या कंपनीत होता आणि कॉम्प्युटरवर असायचा. त्याच्या कामाबद्दल घरात कुणाला याहून जास्त माहिती नव्हती आणि याहून जास्त कुणाला गरजही वाटली नव्हती. कंपनी, हैदराबाद आणि कॉम्प्युटर, या तीन शब्दांनी प्रसेनजितच्या सासरवाडीची छाती फुगली होती. प्रसेनजितला हा मेव्हणा पूर्वी आवडायचा. पोरगा साधा होता, दाजी दाजी करायचा. 'मामा म्हणले' सुरू झालं तेव्हापासून मात्र त्याचं हसणंसुद्धा प्रसेनजितला दाखवण्यासाठी केल्यासारखं वाटू लागलं.

यंदा कॉलेजात श्रावस्तीला एक प्रकल्प करायचा होता, तोही लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या दुसऱ्या प्रणालीवर. कॉलेजच्या लॅबमध्ये मशीन मिळायचं ते घाईगर्दीत, आणि घरात लॅपटॉप एकच, तो दुकानाचा. तिनं बापाला समजावून सांगितलं, की याच लॅपटॉपात दोन्ही ठेवता येतील. एका बाजूला तुमचं विंडोज जसंच्या तसं राहील, दुसऱ्या बाजूला माझं लिनक्स. चालू करताना विचारेल कुणाकडे जायचं, दिवसभर तुम्ही तुमचं उघडा, घरी आणल्यावर मी माझं उघडीन. बापानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दुकानाचं मशीन हाय बाळा. शिकायच्या नादानं त्याला हात लावायचा न्हाय."

तिनं दोनतीनदा विचारलं. उत्तर तेच आलं. मग एके दिवशी बुद्धघोषचा फोन आला. दिवाळीच्या सुट्टीत येतोय, श्रावस्तीनं सांगितलं ते मीच बसून करून देतो, तुमच्या पत्रिकांना धक्का लागणार नाही, असं तो म्हणाला. आता बायकोच्या भावाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? शिवाय हैदराबादच्या माणसाला नको म्हणावं तर आपल्याला त्यातलं कळत नाही, असं दिसणार. प्रसेनजित मोठ्या दिलानं म्हणाला, तू असल्यावर मला कसली काळजी. फोन ठेवला आणि दिवसभर कुणाशी धड बोलला नाही.

सुट्टीत बुद्धघोष आला. आधी सगळ्या पत्रिका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या. मग डी ड्राइव्हची जागा कमी करून लिनक्ससाठी वेगळा तुकडा काढला. प्रसेनजित मागे उभा राहून पडद्यावरचा डी ड्राइव्हचा पट्टा आखडताना बघत होता. शेजाऱ्यानं धुऱ्याचा बांध आपल्या रानात सरकवावा आणि तो पाहुणा म्हणून आपण गप्प बसावं, तसं त्याला झालं. लॅपटॉपसमोर खुर्चीत बुद्धघोष, शेजारी स्टुलावर श्रावस्ती. ती हळू आवाजात काहीतरी पुटपुटायची आणि मग बुद्धघोष कळ दाबायचा. मामाचा शब्द न् शब्द पोरगी पाठ करून घेतेय, असं प्रसेनजितला वाटलं. पेन ड्राइव्हवरनं लिनक्स चढलं, मशीन एकदा बंद होऊन उठलं तेव्हा दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी दिली. ती टाळी प्रसेनजितच्या कानशिलात बसली.

खरा घाव दुसऱ्या दिवशी दुकानात बसला. लॅपटॉप चालू केल्यावर काळ्या पडद्यावर एक यादी आली. सगळ्यात वर लिनक्स, मग त्याचीच आणखी एक ओळ, मग तपासणीच्या कसल्या तरी ओळी आणि तळाला, अगदी शेवटी, विंडोज. थोडा वेळ हात लावला नाही तर मशीन विचारायचंही नाही, सरळ पहिल्या ओळीतल्याकडे निघून जायचं. उभ्या आयुष्यात दुसऱ्यांचे मानपान सांभाळलेल्या माणसाला या यादीचा अर्थ कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. ज्या मशीननं त्याचं घर चालवलं, त्यात त्याला पत्रिकेच्या तळाशी किलबिल करणाऱ्या पोरांच्याही खाली बसवलं होतं. त्यातून घड्याळही बिघडलं. बाहेर बाजार भरलेला आणि लॅपटॉपात पहाटेचे साडेपाच. ही चूक सापडल्याचा त्याला इतका आनंद झाला की त्यानं ती संध्याकाळी जेवताना तीनदा सांगितली. श्रावस्ती म्हणाली, मामाला विचारून नीट करते. दुसऱ्या दिवशी तिनं ते नीट केलंही. बापाचा आनंद टिकला नाही.

त्यानंतर रोज सकाळी तो घाईनं बाणाची कळ दाबत खाली खाली जायचा आणि आपल्या विंडोजवर पोचायचा. यादीतली पहिली ओळ बदलता येते का, एवढं मुलीला विचारलं असतं तर काम झालं असतं. पण विचारायचं म्हणजे ती म्हणणार, मामाला विचारून सांगते. त्यानं विचारलं नाही. तो नुसता जळत राहिला.

अशातच लग्नसराई सुरू झाली. जवळच्या खेड्यातले बलभीमराव मुलाची, रणधीरची, पत्रिका घेऊन आले. मोठं शेतकरी खटलं, भाऊबंदकी त्याहून मोठी. नावांवरनं दुकानात बरीच खडाजंगी झाली आणि शेवटी प्रसेनजितनं सगळ्यांना पटेल अशी यादी लावून दिली. संध्याकाळी बलभीमराव एकवार नजर टाकणार आणि सकाळी फाइल सोलापूरला छपाईला जाणार, असं ठरलं. दुपारी चैताली डबा घेऊन दुकानात आली. श्रावस्तीच्या प्रकल्पाचं कॉलेजात नाव झालं होतं, मॅडमनी सगळ्या वर्गाला तो बघायला सांगितला होता. चैतालीचा ऊर भरून आला होता. डबा उघडता उघडता ती म्हणाली, "पोरगी माझ्या माहेरावर गेली बघा. मामाचं डोकं घेऊन आली."

ती निघून गेली. डबा तसाच राहिला. बाजार दुपारचा सुस्तावला होता, दुकानात चिटपाखरू नव्हतं. प्रसेनजितनं डिस्कचे तुकडे दाखवणारी ती खिडकी उघडली. दिवाळीत मागे उभं राहून त्यानं ती बघून ठेवली होती. आपले सी आणि डी तिथं नावासकट होते. शेवटी एक तुकडा होता, त्याला ना नाव ना अक्षर. मेव्हण्यानं मारलेली जागा ती हीच. त्याचा विचार अगदी सरळ होता. वरची ओळ पुसली की खालची वर सरकणार, आपलं विंडोज पुन्हा पहिलं येणार. आणि संध्याकाळी मुलीला सांगायचं, मामाचं काम काही टिकलं नाही बाई. हे वाक्य त्यानं मनात दोनदा म्हणून पाहिलं. गोड लागलं.

मशीननं विचारलं, नक्की काढायचं का? त्यानं होकार दिला. मोकळी झालेली जागा लगेच डी ड्राइव्हला जोडली आणि पुन्हा कुणी हक्क सांगायला येऊ नये म्हणून बाहेरच्या डिस्कवरच्या फ्लेक्सच्या भल्याथोरल्या फायली आणून त्यात ओतल्या. मग, वर सरकलेलं आपलं नाव बघायला, लॅपटॉप बंद करून चालू केला.

पडदा काळा झाला. एक इंग्रजी ओळ आली आणि तिच्या पुढं एक कांडी लुकलुकत राहिली. लिनक्स नाही, विंडोज नाही, यादीच नाही. त्यानं एकेक कळ दाबून पाहिली, बॅटरी काढून घातली. कांडी लुकलुकतच होती. चालू करताना कुणाकडे जायचं हे विचारणारा जो दरवान होता, तो लिनक्सच्याच खोलीत राहात होता. खोली पाडली तसा दरवानही गेला आणि प्रसेनजित स्वतःच्याच घराबाहेर उभा राहिला. आत रणधीरची पत्रिका होती.

 कृष्णराजकडं जाणं शक्य नव्हतं, त्यापेक्षा दुकान बंद करणं सोपं. शेवटी मोठ्या कष्टानं त्यानं हैदराबादला फोन लावला. खरं सांगितलं नाही. आवाज चढवून म्हणाला, तू टाकलेलं लिनक्स बसलं, माझं विंडोजही घेऊन बसलं, आता मला सांग काय करायचं. 

"दाजी, रागावू नका," बुद्धघोष म्हणाला. "मला त्यातलं काय बी कळत न्हाय. म्या इथं गोदामात बसतो, खोकी मोजून कॉम्प्युटरवर चढवतो. दिवाळीत सगळं श्रावस्तीनं केलं. ती सांगंल ती कळ म्या दाबायलो होतो."

मग त्यानं उरलेलं सांगितलं. तिनंच त्याला गळ घातली होती, की मामा, तुम्ही फक्त खुर्चीत बसा, तुमचं नाव असलं तर पप्पा नाही म्हणणार नाहीत. 'मामा म्हणले' म्हणून ती जे सांगायची ते तिचंच होतं, घड्याळही तिनंच नीट केलं होतं. त्यानं फोनवर तिच्याकडून ऐकलं होतं तेवढंच.

फोन ठेवून प्रसेनजित खुर्चीत बसला. इतके महिने ज्याच्यावर जळलो तो माणूस खोकी मोजत होता. मग जळायचं कुणावर? खरं सांगायचं तर एक क्षणभर त्याला पोरीचाच हेवा वाटला. आपण सोलापूरला दुसऱ्याच्या ओसरीवर झोपून जे शिकलो, त्याच्या कितीतरी पुढचं ही विशीच्या आत घरात बसून शिकली. तो क्षण गेला आणि त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की समोरून कृष्णराज हात हलवून गेला ते त्याला दिसलंही नाही.

संध्याकाळी श्रावस्ती एसटीतून उतरली आणि नेहमीसारखी दुकानात आली. पडद्यावरची ओळ बघून तिनं दप्तर खाली ठेवलं आणि विचारलं, "पप्पा, ते पार्टिशन कुणी काढलं?"

मामाचं काम टिकलं नाही, हे वाक्य मनात तयार होतंच. किंवा मशीनच जुनं, आपोआप गेलं म्हटलं असतं तर तिनं ते वरवर तरी मान्य केलं असतं.

"म्या काढलं," तो म्हणाला.

"कशापायी?"

"मला वाटलं, ते मामाचं हाय."

ती बापाकडे बघत राहिली. तिला सगळं कळायला वेळ लागला नाही, याच घरात वाढली होती ती. तिनं पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप उठवला, आपल्या तुकड्याच्या जागी फ्लेक्सच्या फायली पसरलेल्या पाहिल्या. दिवाळीपासूनचं काम त्यांच्याखाली गेलं होतं. कॉलेजात ठेवलेली नक्कल फार मागची होती. तिचे डोळे भरले, पण आवाज चढला नाही.

"मामाचं म्हणून तुम्ही मोडलं," ती म्हणाली. "आणि माझं म्हणलं असतं, तर तुम्ही होऊच दिलं नसतं."

  प्रसेनजित खुर्चीतून उठला आणि बाजूला उभा राहिला. ती बसली. नाक पुसून तिनं विचारलं, उद्याची पत्रिका कुठं ठेवलीय? आधी ती काढू, माझं मग बघू. तिनं ती फाइल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवली आणि मग विंडोज पुन्हा उठवायच्या खटपटीला लागली. प्रसेनजितनं मध्येच एकदा विचारलं, हे आता काय करायलीस? तिनं सांगितलं. त्याला ते कळलं नाही आणि त्यानं तसं म्हटलंही. तिनं पुन्हा सांगितलं.

विंडोज उठलं तेव्हा बलभीमराव दारात येऊन टेकले होते. खुर्चीत पोरगी, बाजूला उभा बाप आणि पडद्यावर उघडत असलेली रणधीरची पत्रिका, असं सगळं ते कौतुकानं बघत होते. मशीन बिघडलं होतं आणि हिनं नीट केलं, एवढं त्यांना समजलं. पत्रिकेवर बोट फिरवून नावं बिनचूक असल्याची खात्री झाल्यावर ते खुशीत म्हणाले, "पोरगी लई हुशार निघाली की. तुम्हीच शिकवलं असंल हे सगळं."

इतकी वर्षं जे कुणी तरी म्हणावं म्हणून प्रसेनजितचा जीव तळमळत होता, ते शब्द असे अलगद समोर आले होते. नुसती मान डोलावली असती तरी पुरे होतं.

"न्हाय, बलभीमराव," तो म्हणाला. "तिची ती शिकली. म्या तर आडवाच आलो."

श्रावस्तीची बोटं कळफलकावर क्षणभर थांबली. मग तिनं मान न वळवता बाजूचं स्टूल पायानं थोडं ओढलं आणि बापाला बसायला सांगितलं.